हाक न मारलेली दुपार

१

शनिवारी शाळा सकाळची. ती सुटून दुपार उलटली, ऊन कलायला लागलं, तरी आठवीतली बुद्धप्रिया घरी आली नाही. तेव्हा तिची आई सरजाबाई हातातलं खुरपं तसंच टाकून शाळेकडं निघाली.

उमरगव्हाणची जिल्हा परिषद प्रशाला गावाच्या टोकाला, अहमदपूरच्या रस्त्यावर. फाटकाला कुलूप नव्हतं, नुसतं ओढून घेतलेलं होतं. सायकलींच्या जागी लेकीची एकटीच सायकल उभी. सरजाबाईनं पटांगणात उभं राहून जीव खाऊन हाक मारली. तेव्हा जुन्या प्रयोगशाळेतून, कोपऱ्यातल्या त्या पत्र्याच्या खोलीतून, बारीक आवाज आला. "आई."

दाराला बाहेरून कडी होती. आत एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली पोरगी भिंतीला टेकून बसलेली. ओठ पांढरेफटक, अंग चटका बसावा असं गरम. आईला बघून उठायला गेली आणि जागच्या जागी कोसळली.

सोमवारी सकाळी शिक्षण विस्तार अधिकारी लुंबिनी सोनकांबळे अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात पोचल्या, तोवर गटशिक्षणाधिकारी साहेबांचा फोन येऊन गेला होता. "मॅडम, आजच्या आज चौकशी संपवा. नववीतल्या हरिओमचं नाव घेतायत लोक. नाव आलं तर त्याचे वडील व्यंकटराव गप्प बसायचे नाहीत, शाळा समितीचे अध्यक्ष आहेत. नाही आलं तर दुसरे बसायचे नाहीत. कसं बसवायचं ते तुम्ही बघा."

दवाखान्याच्या पायरीवर दुसरे उभेच होते. मुलीचा चुलता आनंदराज जवळ आला. "ताई, तुम्ही आपल्या समाजाच्या, म्हणून सांगतो. हरिओमचं नाव लिहा. पुढचं आम्ही बघतो."

लुंबिनीबाईंना कळून चुकलं, की आपण काहीही लिहिलं तरी त्याला आपली जात चिकटणार. हरिओमचं नाव लिहिलं तर 'समाजाची म्हणून लिहिलं', नाही लिहिलं तर 'समाजाची असून विकली गेली'. दोन्हीकडून दार बंद.

बुद्धप्रियाला सलाईन चालू होतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या. "कोण होतं गं? हरिओम?"

पोरीनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"दोन दिस झाले, माझ्यासंगंबी बोलंना," सरजाबाई म्हणाली. "निसतं म्हणती, मला शाळेतून काढू नका." मग तिनं खाटेखालून निळ्या झाकणाची एक बाटली काढली. "ही तिच्यापाशी व्हती. रिकामी. आमच्या घरची न्हाई ही, मॅडम. कोंडणारं माणूस कोंडतंय बी, आन पाणी बी ठिवतंय, आसं कुठं आसतंय का?"

२

मुख्याध्यापक पंचाक्षरी सर निवृत्तीला टेकलेले. कपाळावर भस्माच्या रेघा आणि बोलणं लोण्यासारखं मऊ. त्यांच्या खोलीत तक्रारपेटी होती, शेजारी फ्रेममध्ये 'शून्य तक्रार शाळा' असं प्रशस्तिपत्र होतं, आणि खिळ्याला कॅलेंडर. एप्रिलचं पान वर होतं. सरलेले महिने सर मागं पलटत नसावेत. सगळी पानं फाडलेली होती, वर नुसत्या चिंध्या राहिल्या होत्या.

"ती खोली आम्ही दिवाळीपासून उघडलेलीच नाही, मॅडम," सर म्हणाले. "तिथं ही मुलगी कशी गेली, देव जाणे. या पेटीत आजवर एक चिठ्ठी पडलेली नाही. विचारा कुणालाही."

समोरच्या खुर्चीत व्यंकटराव पाय पसरून बसले होते. "शनिवारी लहान सुट्टीपासून मी इथंच होतो. नव्या पत्र्यांचं बोलत होतो सरांशी. शाळा सुटल्यावर त्यांना माझ्याच गाडीत घालून शेतात जेवायला नेलो. आन माझं पोरगं सुट्टी संपली की तिसऱ्या तासालाच अहमदपूरला क्रिकेटला गेलं. सगळ्या टीमला विचारा."

"ते मी विचारीनच. पण आता तुम्ही बाहेर बसा," लुंबिनीबाई म्हणाल्या. व्यंकटराव उठले, पण दारातच उभे राहिले.

शिपाई अण्णारावला त्यांनी पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. तो इकडं तिकडं बघत बोलला. "हरिओमला मी बघितलो, मॅडम. लहान सुट्टीत. त्या खोलीच्या दाराला लाथ हाणला आन हसत गेला."

"लाथेनं दार उघडलं?"

"छे. हाललंबी न्हाई."

"दार आत ढकलायचं, की बाहेर ओढायचं?"

"आत ढकलायचं." अण्णारावनं क्षणभर विचार केला. पण त्यात विचार करण्यासारखं काय आहे ते काही त्याला कळलं नाही.

"आणि फाटकाला कुलूप का नव्हतं?"

"सरच म्हणले. गाडीत बसता बसता. आज निसतं ओढून घे म्हणले."

"असं नेहमी म्हणतात?"

"कवाच न्हाई. शनवारी तर दोनदा ओढून बघायला लावतात कुलूप."

हरिओम आला तो खांदे पाडून. मिसरूड फुटू लागलेलं, अंगापिंडानं बापासारखा. "मी कोंडलो न्हाई, मॅडम. आईची शपथ."

"तिला त्रास देत होतास, हे खरं?"

"मजाक."

"कसला मजाक?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. मग एकेक बाहेर आलं. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. बुद्धप्रिया आत गेली की हा आणि दोघं जण दार बाहेरून धरून ठेवायचे. पत्र्यावर दगड टाकायचे. नाव बदलून हाका मारायचे, जातीवरून. ती पाणी प्यायचीच बंद झाली होती, संडासला जावं लागू नये म्हणून. हे सांगताना त्याला हसू येत होतं, आणि लुंबिनीबाईंच्या तोंडाकडं बघून ते विरतही होतं.

"मग शनिवारी मजाक पुढं गेला?"

"न्हाई ना, मॅडम! तिला मी कशाला कोंडू? ती तर रोजच..."

दारातून व्यंकटराव मोठ्यानं खाकरले. पोरानं तोंड मिटलं, ते काही केल्या पुन्हा उघडलं नाही.

३

"मी या जुन्या प्रयोगशाळेत आत जाते. बाहेरून कडी लाव, थोड्या वेळानं काढ," त्यांनी अण्णारावला सांगितलं.

दाराच्या बिजागऱ्या गंजलेल्या होत्या, पण कडी मात्र घासून चकचकीत झालेली होती. ती एवढी हलकी बसली की आवाजही आला नाही.

आत परीक्षानळ्यांची मोडकी कपाटं, तुटके बाक, सगळ्यावर बोटभर धूळ. एकच बाक स्वच्छ पुसलेला. त्याच्याखाली शेंगांची टरफलं, वरची ताजी, खालची काळपटलेली, चुरा झालेली. खिडकीच्या खालच्या काचांवर आतून कागद चिकटवले होते. त्या जवळ गेल्या. राशिभविष्य, खाली उपवासाचे पदार्थ. कॅलेंडरची पानं. एक सोडवून उजेडाला धरलं, तर पलीकडच्या बाजूला यंदाचा फेब्रुवारी. शेजारी जानेवारी, मार्च.

दिवाळीपासून बंद असलेल्या खोलीत यंदाचा मार्च आला कुठून?

तेवढ्यात मुख्याध्यापकांच्या खोलीतली घंटी वाजली. "आलो, आलो," म्हणत अण्णारावची पावलं लांब गेली.

लुंबिनीबाई थांबल्या. पत्रा तडतडत होता. घाम मानेवरून पाठीत उतरला. भिंतीपलीकडं हापशावर बायका होत्या. त्यांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची म्हैस आटली. लुंबिनीबाईंनी दार ओढून पाहिलं. ते दार जाग्यावरून हललं नाही. हवा दाट झाली. आपण गाडीतून आलेल्या अधिकारी आहोत, हातात फोन आहे, हे त्यांना स्वतःला बजावावं लागलं. त्या पुसलेल्या बाकावर बसल्या आणि वाट बघत राहिल्या.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

आपण ओरडलो का नाही? जीव घाबरा झाला, तरी हाक का मारली नाही? कारण अण्णाराव येईल, हे आपल्याला माहीत होतं.

त्या उठल्या आणि खिडकीजवळ जाऊन, घरात बोलतो तेवढ्याच आवाजात म्हणाल्या, "कुणी आहे का?"

हापशाचा दांडा थबकला. "कोण हाय गं आत?" एक बाई लगेच ओरडली.

"शनिवारी दुपारी होतात तुम्ही इथं?"

"हाव, पाण्याचा दिस न्हवं का. नंबर लागला व्हता. पण आवाज बिवाज काय न्हाई आला, माय. आला आसता तर कडी काढलो नसतो का?"

बुद्धप्रियाच्या तोंडात कुणी बोळा कोंबला नव्हता, हातपाय बांधले नव्हते. हाकेच्या अंतरावर माणसं होती. तरी सबंध दुपार ती गप्प राहिली. वैऱ्यानं कोंडलेली पोर गप्प राहत नाही. जिनं किंवा ज्यानं कडी लावली, तेच माणूस येऊन ती काढणार, याची तिला खात्री होती.

४

वर्षाराणी मॅडम आठवीच्या वर्गशिक्षिका. अजून शिक्षणसेविका, कायम व्हायला मुख्याध्यापकांचा शेरा लागणार. मुलींच्या त्या लाडक्या होत्या, हे आल्या आल्या दिसलंच होतं. रिकाम्या वर्गात त्या समोर बसल्या, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत.

"शनिवारी सुट्टीनंतर तुम्ही वर्गावर नव्हता?"

"सरांनी पेपरचे गठ्ठे घेऊन अहमदपूरला पाठवलं, मॅडम. व्यंकटरावांचे भाऊ निघालेच होते गाडी घेऊन. लगेच बसावं लागलं. तिथून मग घरीच गेले, लोह्याला."

"म्हणजे संध्याकाळचं तुम्हाला काहीच माहीत नाही."

"फोनवरच कळलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. एवढ्या उन्हात एका बाटलीभर पाण्यानं काय होतंय?"

लुंबिनीबाईंनी वही मिटली. बाहेर पोरं पाढे म्हणत होती. वर्षाराणीच्या बोटाभोवतीचा पदर थांबला.

"बाटलीचं मी कुणाला बोलले नाही," लुंबिनीबाई हळूच म्हणाल्या. "ती मी आज सकाळी दवाखान्यात बघितली. निळ्या झाकणाची."

वर्षाराणीनं तोंड पदरात लपवलं. मग जे बाहेर पडलं ते थांबता थांबेना.

"माझीच हाय ती. मी काय करू मॅडम? ही पोर जानेवारीत रडत आली. मी सरांना सांगितलं. एकदा नाही, कितीदा तरी. संडासाची कडी तरी बसवा म्हणलं. सर म्हणले, कागदावर काही आणू नका, अध्यक्षांचा पोरगा हाय, तुमचा शेरा माझ्याच हातात हाय. मग त्यांनीच तोडगा काढला. सुट्टीत तिला जुन्या खोलीत बसवा. खिडकी झाका. पोरं आत घुसू नयेत म्हणून कडी बाहेरून लावा. तिला सांगा, आवाज करायचा नाही, न्हाई तर पोरांना कळंल."

"आणि तुम्ही लावली."

"रोज. सुट्टी झाली की कडी लावायची, घंटा झाली की काढायची. मला वाटलं, मी तिला वाचवायले. पोरी बाहेर लंगडी खेळतात, ती आत शेंगा खाती..." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "शनिवारी कडी लावून वळले, तर सरांचं बोलावणं. गाडी हॉर्न वाजवतीय. मी दारातून सरांना म्हणलं, सर, जुन्या खोलीचं तेवढं बघा. त्यांनी हात केला. म्हणले, जा, जा, बघतो."

"तिथं दुसरं कोण होतं?"

"व्यंकटराव. पण त्यांना काय कळणार त्यातलं?" त्यांनी वर पाहिलं. डोळे भेदरलेले. "आणि सर आता सगळ्यांना सांगायलेत, की त्यांना खोलीचं माहीतच नाही. ते नाही म्हणले, तर कडी लावणारी मी एकटीच राहते, मॅडम."

५

मुख्याध्यापकांच्या खोलीत लुंबिनीबाईंनी सगळ्यांना बोलावलं. व्यंकटराव आणि हरिओम एका बाजूला, आनंदराज दुसऱ्या. वर्षाराणी भिंतीला लागून. खिडकीत पोरांची डोकी. व्यंकटरावांची माणसं फाटकात, आनंदराजची रस्त्यावर.

"आधी हरिओम," त्या म्हणाल्या. "त्यानं दाराला लाथ मारली, अण्णारावनं बघितलं. दार आत उघडतं. कडी नसती तर लाथेनं ते भिंतीला जाऊन आपटलं असतं. ते हललं नाही. म्हणजे हरिओम आला तेव्हा कडी आधीच लागलेली होती. त्यानं कोंडलं नाही."

व्यंकटरावांनी मांडीवर थाप मारली. आनंदराज ताडकन उठला. "ताई! तुम्हीबी?"

"बस, आनंदराज. माझं संपलं नाही." त्या हरिओमकडं वळल्या. "त्यानं कोंडलं नाही. पण ती रोज कुणाला भिऊन त्या खोलीत बसत होती, हे त्यानंच मला सांगितलंय, आणि तेही मी लिहिणार आहे. सगळं."

व्यंकटरावांचा हात मांडीवरच राहिला.

"आता कडी. ती कुणी लावली, हे लावणारीनं मला सांगितलंय." वर्षाराणी पुढं आली. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मी. सरांच्या सांगण्यावरून."

"खोटं," पंचाक्षरी सर शांतपणे म्हणाले. "स्वतःची चूक झाकायला म्हाताऱ्या माणसाचं नाव. मॅडम, मी सांगितलं ना, ती खोली दिवाळीपासून..."

"सर, तुमच्या कॅलेंडरची जानेवारी, फेब्रुवारी, मार्चची पानं कुठं आहेत?"

सरांनी भिंतीकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"मी सांगते. त्या खोलीच्या खिडकीला चिकटवलेली आहेत. चिंध्यांना लावून बघूया?"

सर घोटभर पाणी प्यायले. "बरं. सुट्टीत बसायला मी परवानगी दिली असेल. पण शनिवारी ती आत राहिलीय, हे मला कोणी सांगितलं नाही."

"मग फाटकाला कुलूप का लावू दिलं नाहीत?"

सरांनी पेला खाली ठेवला.

"आजवर एकाही शनिवारी फाटक उघडं राहिलं नव्हतं. नेमकं त्याच दिवशी तुम्ही म्हणालात, निसतं ओढून घे. पहिल्यांदा मलाही वाटलं, उघड्या फाटकातून बाहेरचं कुणी आलं असेल. पण आत कुणी नाही असं वाटणारा माणूस कुलूप लावतो. आत कुणीतरी आहे हे माहीत असलेलाच ते उघडं ठेवतो."

पंचाक्षरी सरांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. मग त्यांचा आवाज आला, त्यात लोणी नव्हतं.

"घंटा झाली तेव्हा हे बसलेले होते. शाळा सुटली तेव्हाही हेच. मी दार कसं उघडू? उघडलं असतं तर व्यंकटरावांनी विचारलं असतं, ही पोर इथं का? मग सांगावं लागलं असतं, तुमच्या मुलामुळं." त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "गाडीत बसलो तेव्हा वाटलं, फाटक उघडं असू दे, तासाभरात येऊन काढतो. शेतात गेलो. हे उठूच देईनात. घास गिळत नव्हता. मी म्हणालो, मला जायचंय. हे म्हणाले, सर, घाई कसली?"

व्यंकटराव एकदम उठले. "म्हणजे मी हसत जेवत होतो, आन तिकडं लेकरू... आरं, मला एका शब्दानं बोलला असता तर मी कापलो असतो का तुम्हाला?"

"हो," पंचाक्षरी सर म्हणाले. "मला तसंच वाटत आलं, इतकी वर्षं."

व्यंकटरावांनी पोराकडं पाहिलं. हरिओम रडत होता. त्यांनी हात उगारला, पण तो वरच अडकून राहिला. कारण खोलीतला एकही माणूस त्यांना अडवायला पुढं आला नव्हता. सगळे भिऊन बघत होते, आणि ते भिणं त्यांना आज पहिल्यांदा दिसलं असावं. हात खाली घेऊन ते बाहेर गेले.

६

संध्याकाळी लुंबिनीबाई पुन्हा दवाखान्यात आल्या. साहेबांचा फोन येऊन गेला होता. एवढं सगळं कशाला लिहिता, दार वाऱ्यानं लागलं म्हणा, मॅडम, म्हणजे सगळेच सुटतात. त्यांनी अहवाल तसाच पाठवला होता. सर निलंबित होतील. वर्षाराणीचं काय होईल, सांगता येत नव्हतं. हरिओम आणि त्या दोघांना बाल न्याय मंडळापुढं जावं लागेल. आनंदराज पायरीवर होता, पण त्यानं मान वळवली. त्याचं समाधान झालेलं नव्हतं. कुणाचंच झालेलं नव्हतं.

सलाईन निघालं होतं. बुद्धप्रिया उशीला टेकून बसली होती.

"वर्षाराणी मॅडमनी सांगितलं मला," लुंबिनीबाई म्हणाल्या. "तू का बोलत नव्हतीस, तेही कळलं. त्यांची नोकरी जाईल म्हणून, ना?"

पोरीनं मान डोलावली. पहिल्यांदाच ती बोलली. "त्या येतील म्हणून बसले मी. मग शाळा सुटली. मग सगळे गेले. मला वाटलं, ओरडलं तर सगळ्यांना कळंल, मी इथं लपती ते. मग उद्यापासून कुठं लपू?"

सरजाबाईनं डोळ्याला पदर लावला. "पोरीला नांदेडला तिच्या आत्याकडं धाडावं म्हणायलेत सगळे, मॅडम. सर म्हणले, पाव्हणे म्हणले. तिच्याच भल्यासाठी."

"तुला जायचंय?"

"मी काय केलंय?" बुद्धप्रियानं विचारलं. रागानं. त्या आवाजात राग ऐकून लुंबिनीबाईंना बरं वाटलं.

त्यांनी पेन काढलं. "तर मग तुझी तक्रार सांग. जानेवारीत जी सांगितली होतीस, ती. कुणी घेतली नाही, ती मी घेते. पहिल्यापासून सांग."

बाहेर नातेवाईक, गावातली माणसं, हापशावरच्या दोन बायकाही गोळा झालेल्या. कुणीतरी आत डोकावत होतं. सरजाबाई उठली. "दार लोटते मी. पोरीबाळीचं असतंय, चारचौघांत कशाला?"

"लोटू नको, आई," बुद्धप्रिया म्हणाली. "ऐकू दे त्यांना."

तिनं घसा खाकरला, पाठ सरळ केली. आवाज बसका होता, तरी ती मोठ्यानंच बोलायला लागली, "माझं नाव बुद्धप्रिया साहेबराव कांबळे. इयत्ता आठवी. मुलींच्या संडासाला कडी न्हाई..."

बाहेरची कुजबुज थांबली.